जुळे सोलापुरात बोकडाचे चॉप्स आणि अकलूजची वाइन

शनिवारी आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली. पुण्याहून दीर आले होते. म्हणाले, "वहिनी, आज जागा तुम्ही ठरवायची." मी लगेच जुळे सोलापुरातलं ते गल्लीच्या तोंडाचं छोटं हॉटेल सांगितलं. खाली सायकलचं दुकान, वर नऊ टेबलं. मैत्रिणींबरोबर दोनदा गेले होते, घरच्यांना पहिल्यांदाच नेलं.

स्टेक, म्हणजे मांसाचा भाजलेला जाड तुकडा, इथे बोकडाच्या चॉप्सचा, नाहीतर चिकनचा. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलाचंही मांस बंद आहे, तेव्हा सिनेमात दिसतो तसला स्टेक शोधत जाऊ नका. चॉप्स मात्र मागवाच. बोकडाला मेंढीइतकी चरबी नसते, तव्यावर जरा जास्त राहिला की चिवट होतो. बहुतेक ठिकाणी तो धूर सोडणाऱ्या लोखंडी तव्यावर आणून ठेवतात. दिसायला छान, पण मटण त्या तव्यावर शिजतच राहतं आणि चौथ्या घासाला दात दुखतात. इथे साध्या गरम प्लेटमध्ये देतात, तेही उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवून. कापलं तर रस मटणातच राहिला होता. कच्च्या पपईचा हात अगदी बेताचा. पपई जास्त झाली की मटणाचा लगदा होतो, हे मी घरी अनुभवलंय.

आता वाइन. सोलापूरच्या हॉटेलात रेड वाइन प्यायची तर माझी एकच तक्रार असते, ती कोमट देतात. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मेमध्ये रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात. तसल्या वाइनमधून नुसता अल्कोहोलचा वास येतो. इथे ग्लास हातात घेतला तर गार. मालक, तिशीतला मुलगा, म्हणाला, "आधी थंड लागंल, ताई. पाच मिनिटं ठेवा, मग चव येतीय." अगदी तसंच झालं. बाटलीच्या गळ्याला चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीखही लिहिलेली होती, आदल्या दिवशीची. उघडी रेड वाइन फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, त्यामुळे ग्लासवर मागवताना ही तारीख बघायलाच हवी.

वाइन फ्रातेली कंपनीची सांजोवेसे, त्याच नावाच्या द्राक्षाची. द्राक्ष मूळ इटलीतलं, टस्कनीकडचं, पण मळे अकलूजच्या बाजूला, आपल्याच जिल्ह्यात. दिरांना हे माहीत नव्हतं. माझं माहेर माळशिरस तालुक्यातलं, त्यामुळे ते सांगताना मला फार बरं वाटलं.

एक चूक आम्हीच केली. चॉप्सबरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणी मागवली. दोन्ही उत्तम, चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. पण चटणीनंतर रेडचा घोट घेतला तर तो तुरट लागला आणि जिभेची आग आणखी वाढली. तिखटावर रेड घेऊ नका. मग मी शेनँ ब्लाँ या व्हाइट वाइनचा ग्लास घेतला, त्याच्याशी चटणी छान जमली. ह्यांनी वाइन घेतली नाही. त्यांना सोलकढी दिली, ती नारळाच्या ताज्या दुधाची होती.

बटाट्याचं मॅश गार आलं. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, सासूबाईंना आम्ही दोघांनी धरून वर नेलं. गाणी इतकी मोठ्याने की त्यांना काही ऐकू येईना. सांगितल्यावर लगेच आवाज कमी केला, हे खरं. चौघांचं बिल २,८६० रुपये झालं.

साडेनऊला चॉप्स संपले, शेजारच्या टेबलाला चिकनवर भागवावं लागलं. शनिवारी जाणार असाल तर दुपारीच फोन करून तुमच्या प्लेटा बाजूला ठेवायला सांगा.