दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप टाकलं आणि ₹१,८७,२५० गेले

₹४८,५००, ₹१,१२,००० आणि ₹२६,७५०. आमचे तीन डीलर, त्यांनी चोराच्या खात्यात केलेले तीन एनईएफटी. आमच्या खात्यातून एक रुपया गेला नाही, गेला तो आमच्या नावावर. कुणाला ओटीपी सांगितला नाही, स्क्रीन शेअर केली नाही, कसली लिंक उघडली नाही. तेव्हा 'ओटीपी दिला असेल' म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी पुढचं वाचावं.

आमचं ठिबकच्या सुट्या भागांचं होलसेल. ऑर्डर, बिलाची पीडीएफ, खाते क्रमांक, सगळा व्यवहार एकाच व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर. नव्या कॉम्प्युटरसाठी सर्चमध्ये 'व्हॉट्सअ‍ॅप डेस्कटॉप डाउनलोड' टाकलं आणि पहिला निकाल उघडला. ती जाहिरात होती. 'प्रायोजित' हा शब्द इतका बारीक की तो दिसू नये म्हणूनच लिहिलेला असावा. पान हुबेहूब, पत्त्यात फक्त एक आडवी रेघ जास्त. तिथून प्रोग्रॅम बसवणारी ईएक्सई फाइल उतरली. चालवल्यावर विंडोजने धोक्याच्या सूचनेचा निळा पडदा दाखवला, मग परवानगीच्या चौकटीवर पिवळी पट्टी आणि 'अननोन पब्लिशर', म्हणजे फाइल कोणाची ते माहीत नाही. पण हे पडदे बारकोड प्रिंटरच्या ड्रायव्हरलाही येतात. रोज 'रन एनीवे' दाबायची सवय लागलेल्या माणसाने यातून काय ओळखायचं?

पुढे क्यूआर कोड आला. फोनवर लिंक्ड डिव्हाइसेस उघडलं, 'लिंक अ डिव्हाइस', अंगठा लावला, स्कॅन केलं. खरी गोम इथे आहे. तो कोड आमच्या कॉम्प्युटरचा नव्हताच. चोर आपल्या ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून बसतो आणि तिथला कोड त्या खोट्या खिडकीत उमटवतो. आपण स्कॅन केला की आपलं खातं त्याच्याकडे उघडतं, मागचे बरेच मेसेजही त्याच्याकडे उतरतात. मेसेज तिसऱ्याला वाचू न देणाऱ्या एन्क्रिप्शनचा इथे काही उपयोग नाही, कारण तो आता तुमचंच एक डिव्हाइस असतो. टू-स्टेप पिनही आडवा येत नाही. नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवतानाच तो विचारला जातो, डिव्हाइस जोडताना नाही.

खिडकीत 'सर्व्हर व्यस्त आहे' आलं आणि ती बंद झाली. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून खरं अ‍ॅप घेतलं, ते सुरळीत चाललं, विषय संपला असं वाटलं. त्याच वेळी फोनवर लिंक्ड डिव्हाइसेसच्या यादीत दोन नोंदी होत्या: 'विंडोज' आणि 'गूगल क्रोम (लिनक्स)'. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी कॉम्प्युटर प्रणाली, आणि दुकानात तिचं एकही मशीन नाही! ती ओळ तिथे उघड्यावर पडून होती आणि आपण रोज त्याच अ‍ॅपमध्ये बिलं पाठवत होतो, हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पण ती यादी उघडून बघतो कोण? तुम्ही शेवटची कधी बघितली होती?

चोराने घाई केली नाही. कोणत्या डीलरची उधारी किती, हे वाचून काढलं आणि बिल थकलेल्या तिघांनाच लिहिलं: 'ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, या खात्यावर पाठवा.' पाठवून आमच्या बाजूने पुसूनही टाकलं. डीलरच्या फोनवर मेसेज, आमच्या फोनवर काहीच नाही.

आता सरकारी कारभार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, तक्रार ज्याचे पैसे गेले त्याने करायची. डीलर म्हणतात, तुमच्या नंबरवरून मेसेज आला, आम्ही पैसे भरले, आता तुमचं तुम्ही बघा. बँक म्हणते, तुमच्या खात्यात व्यवहारच नाही. पोलीस ठाण्यात विचारलं, 'मेसेज तुम्हीच पाठवला नाही कशावरून?' वर म्हणे डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे आम्ही सांगायचं आणि त्यांनी 'साहेब बंदोबस्तात आहेत' म्हणायचं. आयटी कायद्याची ६६सी (ओळख चोरणं) आणि ६६डी (दुसऱ्याच्या नावाने फसवणूक) ही कलमं अर्जात स्वतःहून लिहा, नाहीतर साधा तक्रार अर्ज म्हणून शिक्का मारून हातात देतात. डीलरला त्याच तासाला १९३० वर फोन करायला लावा. तिघांपैकी एकानेच तो वेळेत केला, म्हणून ₹२६,७५० होल्डवर आहेत. तेही कोर्टाचा आदेश आणल्याशिवाय सुटणार नाहीत, असं तेव्हा सांगितलं.

खोटं अ‍ॅप अनइन्स्टॉल करून चोर बाहेर जात नाही. फोनवर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये त्या नोंदीवर बोट ठेवा, लॉग आउट करा. पण आधी स्क्रीनशॉट घ्या. शेवटचं वापरल्याची वेळ तिथे दिसते, तेवढाच पुरावा असतो. अशी ईएक्सई एकदा चालली की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही गेले असं धरा आणि दुसऱ्या मशीनवरून बदला.

डेस्कटॉप अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप डॉट कॉम हा पत्ता हाताने टाइप करून. दुसरीकडून आलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅबच नसेल तर फाइल डिलीट.

आणि डीलर मंडळी, एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी द्यायची असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. एक बटण दाबलं असतं तर आमच्या फर्मच्या जागी भलत्याच माणसाचं नाव दिसलं असतं. ₹१,१२,००० भरणाऱ्याने ते दाबलं नाही, आणि आमचं बिल तो आजही द्यायला तयार नाही.