बोटीवर एकच रास्पबेरी पाय, की चार ईएसपी३२?

बोटीवर स्वतः जोडलेली इलेक्ट्रॉनिक्स बसवायची म्हटलं की दोन रस्ते समोर येतात. पहिला: मध्यभागी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवायचा, त्यावर बोटींसाठीचं ओपनप्लॉटर हे सॉफ्टवेअर टाकायचं आणि जीपीएस, एआयएस (जवळच्या जहाजांची जागा सांगणारी रेडिओ यंत्रणा), खोली, वारा, बॅटरी, इंजिन असं सगळं त्याच्याच गळ्यात बांधायचं. दुसरा: जिथे मोजायचं तिथेच एकेक ईएसपी३२ (एकच प्रोग्राम चालवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर) बसवायचा, सगळे एनएमईए २००० या बोटीवरच्या उपकरणांच्या नेटवर्कच्या एका केबलवर आणायचे आणि मध्ये कोणालाच मुखत्यारी द्यायची नाही. दोन्हींचं सॉफ्टवेअर फुकट आहे. बोर्ड आणि सेन्सर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळून जातात. दोन्ही रचना मी आमच्या बोटीवर चालवून पाहिल्या आहेत.

बोट जुनी, २८ फुटी, शिडाची. मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधलेली) असते आणि तिघांच्या मालकीची आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझा निकाल बराचसा त्यावर लागला. तुमची बोट जेटीला बांधलेली असेल आणि चावी तुमच्या एकट्याच्या खिशात असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकेल.

आधी पायची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. ओपनसीपीएन या सॉफ्टवेअरवर सागरी नकाशा उघडलाय, त्यावर जेएनपीए बंदराकडे निघालेली कंटेनर जहाजं एआयएसचे त्रिकोण होऊन सरकतायत, बाजूला सिग्नल के (बोटीवरचे आकडे गोळा करणारा सर्व्हर) खोली आणि बॅटरीचे आकडे फोनवर दाखवतंय, हे सगळं तळहाताएवढ्या बोर्डवर चालतं. बसवायलाही फार डोकं लागत नाही. मेनूत जाऊन खुणा करायच्या, पोर्ट निवडायचा, झालं. एनएमईए ०१८३ या जुन्या पद्धतीचं ४८०० बॉडचं (बॉड म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग) उपकरण असो, एआयएस रिसीव्हरचं ३८४०० असो, बॅटरी मॉनिटरचं व्हीई.डायरेक्ट असो, यूएसबीला लावलं की पाय ते वाचतो. कॅनचं हॅट (ती तार जोडायचं, पायवर बसणारं बोर्ड) बसवलं तर एनएमईए २००० सुद्धा.

दुसरी गोष्ट इतिहासाची. हवेचा दाब आत्ता किती आहे याला फारसा अर्थ नसतो, गेल्या सहा तासांत तो किती उतरला याला असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने वर गेलं, तेव्हापासून आम्हा तिघांनाही दाबाचा आलेख हवाच होता. बीएमई२८० हा दाबाचा सेन्सर, आकडे साठवणारं इन्फ्लक्सडीबी आणि आलेख काढणारं ग्राफाना एवढं पायवर टाकलं की तो आलेख मिळतो. ईएसपी३२ वर असलं काही नीट करायचं म्हणजे आटापिटा आहे.

मिनी पीसीचाही तिसरा पर्याय काही जण सुचवतात. ताकद भरपूर, पण चार्जिंगच्या वेळी बोटीचे १२ व्होल्ट १४.४ होतात आणि त्या डब्यांना ते मानवेलच असं नाही. वीजही जास्त खातात. मुरिंगवर एका सोलर पॅनलच्या भरवशावर राहणाऱ्या बोटीसाठी मी त्यात पडलो नाही.

आता ज्या एका कटकटीने माझा कौल फिरवला ती. पायची वीज नुसती तोडून चालत नाही, तो रीतसर बंद करावा लागतो.

वाचायला हे किरकोळ वाटेल. पण रविवारी संध्याकाळी बोट मुरिंगवर आली की काय होतं ते बघा. शिडं गुंडाळून झालेली असतात, आम्हाला किनाऱ्यावर नेणारी लाँच बाजूला येऊन लागलेली असते, ओहोटीची ओढ असते आणि लाँच दर लाटेला आमच्या कडेवर आपटत असते. बोट सांभाळणारा तांडेल खाली केबिनमध्ये उतरतो, सीकॉक (बुडातल्या छिद्रांचे नळ) बंद करतो, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, हात घालून पाणी बघतो आणि बॅटरीचा मेन स्विच फिरवतो. हा त्याचा नेम आहे आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. रिकाम्या बोटीवर मेन स्विच चालू ठेवणाऱ्याला मी बोटीवर घेणार नाही. पण त्या क्षणी पायचा हिरवा दिवा लुकलुकत असतो, म्हणजे त्याचं काम चालू असतं. मी वरून सांगायचो, जरा थांबा, तो दिवा शांत होऊ दे. खालून उत्तर यायचं, “शेठ, लाँचवाला निघाला.” स्विचवर चिठ्ठी चिकटवली: आधी कॉम्प्युटर बंद करा. तांडेल ती वाचायचा तरी. माझ्या दोन भागीदारांनी तेवढंही केलं नाही.

बहुतेक वेळा अशाने काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ही कटकट अंगवळणी पडते. मग एखाद्या शनिवारी पाहुणे बोटीवर आलेले असतात, इंजिन चालू असतं, आणि पडद्यावर नकाशाऐवजी काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं येतात. वीज गेली त्या क्षणी एसडी कार्डवर काही लिहिलं जात होतं, ते अर्धवट राहिलेलं असतं. आमच्या चार्ट टेबलच्या खणात क्लोन केलेली कार्डं पेन्सिलींच्या शेजारी असायची. कार्ड बदललं की दोन मिनिटांत सगळं पूर्ववत होतं, हे मान्य. पण बंदरातून बाहेर पडताना ती दोन मिनिटं सुकाणूवरच्या माणसाला हवी असतात.

यावर उपाय आहेत. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या मेनूत ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. पण मग आखलेले मार्ग, ट्रॅक आणि सिग्नल केची सेटिंग्ज पुढच्या वेळी गायब, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं पार्टिशन आलं. एसएसडी लावली तर धोका कमी होतो, संपत नाही. सगळ्यात चांगला उपाय फिनलंडच्या हॅट लॅब्जचा: सेलर हॅट नावाचं त्यांचं बोर्ड. त्यावर सुपरकपॅसिटर असतात. वीज गेली की ते पायला सांगतं, आता आवर, आणि आवरण्यापुरती वीजही पुरवतं. एका मित्राच्या बोटीवर ते बिनतक्रार चालतंय. तिकडून मागवण्याची आणि कस्टमची तयारी असेल तर जरूर घ्या. मला मात्र एका कॉम्प्युटरला सांभाळायला दुसरं सर्किट आणायचं हे पटेना. स्वभावाचा भाग असेल.

ईएसपी३२ ला बंद करावं लागत नाही. स्विच फिरवला, संपलं. परत फिरवला की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो पुन्हा आकडे पाठवू लागतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली बसलं आणि तो रीसेट झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पायला पुन्हा उठून नकाशा दाखवायला बराच वेळ लागतो, आणि इंजिन नेमकं आपण गर्दीतून निघताना किंवा वारा पडल्यावरच चालू करतो. पायला चांगला, रुंद इनपुटचा कन्व्हर्टर दिला तर स्टार्टरचा त्रास जातो, हेही सांगायला हवं.

आमची आजची रचना अशी आहे. एक ईएसपी३२ इंजिनाजवळ: अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि एक्झॉस्टच्या होजवर क्लॅम्पने आवळलेला डीएस१८बी२० तापमान सेन्सर. दुसरा पाणी आणि डिझेलच्या टाक्यांसाठी. तिसरा बॅटरी आणि बिल्ज पंपासाठी. पंप किती वेळा चालला ते तो मोजतो. चौथा एनएमईए २००० वरचं सगळं वाय-फायवर सोडतो, म्हणजे टॅबलेटवरच्या ओपनसीपीएनला जीपीएस आणि एआयएस आपोआप मिळतात. टिमो लाप्पालाइनेन यांची एनएमईए २००० लायब्ररी यामागे आहे. त्यामुळे इंजिनाचे आरपीएम १२७४८८ या पीजीएनमध्ये (संदेशाच्या ठरलेल्या क्रमांकात) आणि टाकीची पातळी १२७५०५ मध्ये जाते आणि एनएमईए २००० समजणारे बाजारातले बहुतेक प्लॉटर (नकाशाचे पडदे) ती आपलीच समजून दाखवतात. एक युनिट मेलं तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. पाय गेला की सगळंच जायचं.

एक्झॉस्टच्या सेन्सरवर थोडं जास्त बोलतो, कारण एवढं एकच बसवलंत तरी पैसे वसूल. मुंबई बंदरात इंजिनाचा खरा शत्रू प्लॅस्टिकची पिशवी. ती पाण्याच्या इनटेकला चिकटली की इंजिन आणि एक्झॉस्ट थंड ठेवणारं पाणी थांबतं, आणि इंजिनाचा स्वतःचा लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. होज मात्र लगेच तापते. मांडव्याच्या वाटेवर एकदा नेहमी चाळिशीत रेंगाळणारा आकडा साठीकडे चढू लागला आणि बझर वाजला. इंजिन न्यूट्रलला घेतलं, थोडं रिव्हर्स मारलं, पिशवी सुटली, आकडा खाली आला. लाल दिवा लागलाच नाही. हे पायवरही करता आलं असतं, नाही असं नाही. पण इंजिनरूमच्या उष्णतेत, थरथराटात आणि डिझेलच्या वाफेत पायचं बोर्ड ठेवायला मी धजलो नसतो, आणि त्या सेन्सरची वन-वायर तार केबिनपर्यंत ओढायची म्हणजे वाटेत अल्टरनेटरचा गोंगाट आलाच.

ईएसपी३२ ची बाजू सरळसोट नाही, हेही सांगतो. त्याचा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) विश्वासाचा नाही, विशेषतः दोन्ही टोकांना. डिझेलची टाकी भरलेली असूनही तीन चतुर्थांश दिसत असेल तर एडीएस१११५ हा वेगळा एडीसी लावा. अर्दुइनोच्या ईएसपी३२ कोअरची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि टायमरचे कॉल बदलले. जूनमध्ये बोट वर काढून ऑक्टोबरमध्ये कोड उघडणाऱ्या आमच्यासारख्यांना असे धक्के बसतात. कोड लिहायच्या प्लॅटफॉर्मआयओमध्ये लायब्ररींच्या आवृत्त्या आकड्यानिशी लिहून ठेवा. अर्थात पायवाले यातून सुटलेत असं नाही. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत डेस्कटॉप आणि नेटवर्क दोन्हींची व्यवस्था बदलली आणि जुन्या सूचना रद्दी झाल्या. थोडंफार सी++ लिहिण्याची तयारी मात्र ईएसपी३२ ला लागतेच. ती नसेल तर पाय घ्या, उगाच ओढाताण नको.

ईएसपी३२ साठीच्या सेन्सईएसपी या तयार लायब्ररीबद्दल बरेच जण विचारतात. सुंदर आहे, पण त्याचे आकडे वाय-फायवरून सिग्नल केकडे जातात, आणि सिग्नल के चालवायला पाय किंवा तसाच एखादा कॉम्प्युटर लागतोच. म्हणजे मुख्य दुवा पुन्हा तोच. म्हणून मी वाय-फाय टाळून थेट तारेवर गेलो.

तारेचा खर्च मात्र डोळ्यावर येतो. ईएसपी३२ चं बोर्ड काहीशे रुपयांत येतं, पण बोटीच्या दुकानातल्या टी (फाटा काढायचा जोड) आणि ड्रॉप केबलची (फाट्यापासून उपकरणापर्यंतच्या तारेची) किंमत बघून घरचे विचारतात, यात सोनं आहे का? कनेक्टर एम१२ चा, पाच पिनी असतो आणि कारखान्यांच्या ऑटोमेशनमधली डिव्हाइसनेटची केबल त्याला बसते. तसा माल विकणाऱ्यांकडे चौकशी करा. जोडून झालं की वीज बंद ठेवून डेटाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साठ ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. एकशेवीस दिसलं तर एका टोकाचा टर्मिनेटर (तिथे लावायचा रेझिस्टर) नाही, चाळीस दिसलं तर कोणीतरी तिसरा लावलाय. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी घरी ठेवा. क्रिम्प, सोल्डर, बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलाव्यापासून वाचवणाऱ्या लेपाचा) फवारा आणि ग्लँडवाला (तार घट्ट धरणाऱ्या तोंडाचा) बंद डबा, एवढं केलं नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पिनांवर हिरवा गंज येतो. पाय असो की ईएसपी३२, खारं दमट वारं भेदभाव करत नाही.

टॅबलेट एप्रिलच्या उन्हात तापून मंद होतो, ही माझ्या रचनेतली न सुटलेली अडचण आहे. पायला जोडलेला उजळ पडदा त्या बाबतीत उजवा. आणि मासेमारीच्या बहुतेक लहान होड्यांवर एआयएस नसतंच, तेव्हा रात्री जाळ्यांच्या बाबतीत दोन्ही रचना सारख्याच आंधळ्या.

मी पाय टाकून दिलेला नाही. तो बोटीवर आहे, फक्त पाहुणा म्हणून: दाबाचा आलेख काढतो, जुने ट्रॅक सांभाळतो, आणि तो झोपला तरी इंजिनाचा बझर वाजतोच. नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी इंजिनाजवळचं ईएसपी३२ युनिट करायला सांगेन. नकाशा तोवर फोनवर बघा.

तरीही पायपासूनच सुरुवात करायची असेल तर पाय ४ पुरे. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर आणि पंखा लागतो, आणि पंखा म्हणजे खारी हवा बोर्डावर मारायचं यंत्र. पायची वीज मेन स्विचच्या आधी, बॅटरीलगत बसवलेल्या स्वतंत्र लहान फ्यूजमधून घ्या, म्हणजे तांडेलच्या नेमाला धक्का लागणार नाही. पण तो चोवीस तास चालू राहील, तेव्हा सोलर पॅनल हवाच. पडदा बंद ठेवूनही त्याला साधारण ४ वॅट लागतात, म्हणजे आठवड्याला जवळपास ५० अँपिअर-तास, १०० च्या लेड-ॲसिड बॅटरीची निम्मी.