तापोळ्यात घरी येऊन पावसाळ्याआधीची बोट सर्व्हिस: पूर्ण अनुभव

आमची सोळा फुटी फायबरची बोट आहे, मागं ४० एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. घरचे, पाहुणे यांना शिवसागरात, म्हंजे कोयना धरणाच्या जलाशयात, फिरवायला ठेवलीय, धंद्याला नाही. आमच्याकडं सीझन जूनला संपतो, पुढचे चार महिने बोट दारात पडून. त्या आधीची सर्व्हिस यंदा साताऱ्याहून येणाऱ्या एका मिस्त्रींकडून करून घेतली, आता दसऱ्याला बोट पाण्यात सोडली आणि इंजिन चालू झालं, म्हणून आत्ता लिहितोय. आधी लिहिलं असतं तर त्याला अर्थ नव्हता, कारण असल्या कामाचा निकाल चार महिन्यांनीच कळतो.

गेल्या साली दुसऱ्या एकाला बोलावलं होतं, त्यानं इंजिन वरून धुतलं, प्लग पुसले, ग्रीस मारलं आणि पैसे घेऊन तासाभरात गेला. ऑक्टोबरला इंजिन चालूच होईना, झालं तरी गिअर टाकला की खालून घरघर. आख्खा सीझन तसाच भीत भीत काढला.

हे मिस्त्री आल्या आल्या म्हणाले, आधी खालचं गिअर ऑइल बघू. खालचा स्क्रू ढिला केला तर पहिलं पाणीच आलं आणि मागून ऑइल आलं ते दुधाच्या चहासारखं. मला काही कळेना. त्यांनी पंखा (प्रोपेलर) काढला आणि आत शाफ्टला गुंडाळलेलं तंगूस, म्हंजे नायलॉनचा दोरा, दाखवला, आपल्याकडं मासेमारीवाले सोडून देतात ना ते, जाळ्याचंही असतं. ते फिरून फिरून सील कापतं आणि तिथून पाणी आत जातं. तसंच चार महिने ठेवलं असतं तर आतली बेअरिंगं आणि गिअर गंजून गेले असते. सील बदललं, दोन्ही स्क्रूचे वायसर नवे टाकले, आणि नवीन ऑइल खालच्या भोकातून भरलं, वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत, म्हंजे आत हवा राहत नाही. हे सगळं माझ्यासमोर, मला हातात ऑइल देऊन. मला ह्या माणसाची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

मग वॉटर पंपाचा रबरी इंपेलर, म्हंजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी पात्यांची चकती. मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरतं, जुने बांध आणि खोडं वर येतात, आपण गाळातनंच बोट काढतो, तो गाळ इंजिनच्या पाण्याच्या वाटेत जाऊन बसतो. दोन पाती वाकून तशीच कडक झालेली. बदलला. मग दोनशे लिटरच्या ड्रममध्ये इंजिनचा पाय बुडवून स्वच्छ पाण्यावर पंधरा मिनिटं चालवलं, गाळाचं लाल पाणी येत होतं ते हळूहळू साफ झालं. पाण्याशिवाय हे इंजिन चालू करून बघू नका, रबर लगेच जळतं, हे त्यांनी आमच्या चुलत भावाला दोनदा बजावलं.

शेवटी पेट्रोलची नळी काढली आणि इंजिन चालू असतानाच कार्ब्युरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइलचा स्प्रे मारत राहिले. अंगणभर पांढरा धूर, आई आतनं ओरडली काय पेटलं म्हणून, आणि इंजिन आपोआप बंद पडलं. कारण विचारलं तर म्हणाले, टू स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं, क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलमधनं जाईल तेवढंच तेल, ते सुकलं की आपल्या दमट हवेत गंज धरतो. कंपनीच्या पुस्तकात हे सगळं थंडीच्या नावाखाली दिलंय, कारण तिकडं थंड देशांत आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि ब्लॉकला चीर जाते. आपल्याकडं बर्फ नाही पण महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आमच्या भिंतीसुद्धा ओल धरतात तिथं लोखंडाचं काय.

टाकीत दहा लिटर मिक्स, म्हंजे तेल मिसळलेलं, पेट्रोल उरलं होतं. ते ठेवू नका म्हणाले, इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी तळाला बसतं. ग्रास कटरला वापरून टाकलं, मिक्स तेच चालतं.

इंजिन उतरवून तिघांनी उचलून पडवीत लाकडी घोडीवर उभंच ठेवलं, आडवं नाही, उभं राहिलं की आतलं पाणी खालून निघून जातं. बॅटरी काढून फळीवर, महिन्यातनं एकदा चार्ज, मीटरवर १२.६ व्होल्ट आले की बास. बोट जुन्या टायरांवर, नाकाकडची बाजू उंच आणि बुडाचं बूच काढून, म्हंजे पाणी साठायला जागाच नाही. ताडपत्री मात्र आमची आम्ही बांधली, मधे बांबू घालून उतार केला, दोन्ही टोकं मोकळी सोडली नाहीतर आत बुरशी येते. उंदरांनी वायर खाऊ नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकल्या.

आता जे आवडलं नाही ते. मे च्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, आले मृग लागायच्या आदल्या दिवशी, तोवर दोन वळवाचे पाऊस होऊन गेलेले आणि वाटेवर चिखल. फोन लागत नाही, लागला तर उद्या येतो. बिल कच्चं, वहीच्या पानावर. मजुरी ३,५०० आणि सामानाचे वेगळे, जुने पार्ट मात्र पिशवीत घालून माझ्या हातात दिले. स्टिअरिंगच्या केबलकडं त्यांनी बघितलंच नाही, ती ऑक्टोबरला जड लागली, मीच ग्रीस केली.

दसऱ्याला तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन पेटलं. सुरुवातीला धूर खूप येतो, ते आतलं तेल जळतं, घाबरायचं नाही. बाजूच्या भोकातनं पाण्याची धार जोरात आली, म्हंजे पंप चालतोय. बामणोलीपर्यंत जाऊन आलो, दहा तास चालल्यावर गिअर ऑइल परत बघायला सांगितलं होतं, काल बघितलं, मधासारखं साफ.

बोलवायचं असेल तर एप्रिलमध्येच तारीख घ्या, ड्रम भरून ठेवा आणि इंजिन उचलायला दोन माणसं घरी ठेवा. आणि पंखा मागच्या सीझनला काढला नसेल तर तो त्यांच्याकडनं आधी काढून घ्या.