दाराला अडकवायचा व्यायाम : रेझिस्टन्स ट्यूबचा अकरा नगांचा संच

‘वेळच मिळत नाही’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून संध्याकाळी सातला घरी टेकलेल्या माणसाने पुन्हा कपडे बदलायचे, गाडी काढायची, सात रस्ता चौकाच्या गर्दीतून जिम गाठायची, मशिन रिकामं होण्याची वाट बघायची आणि परत यायचं. व्यायाम पाऊण तासाचा, पण घालमेल दोन तासांची. त्यातच घरी नळाला पाणी यायचा दिवस असला, तर मोटर लावायला कुणीतरी घरात हवंच. असं आठवड्यातून दोनदा झालं की जिमची वर्षाची फी भरलेली राहते आणि पाय घरातच राहतात. रबरी ट्यूबचा संच, म्हणजे दारात किंवा पायाखाली अडकवून ओढायच्या रबरी नळ्या, नेमकं हे जाणं-येणं वाचवतो. म्हणून त्याचं परीक्षण करताना ‘ताकद किती वाढते’ याच्याइतकाच दुसराही एक प्रश्न महत्त्वाचा आहे : थकून आल्यावर पहिली ओढ मारायला किती मिनिटं लागतात?

संचात सहसा पाच रंगांच्या ट्यूब, दोन हँडल, दोन घोट्याचे पट्टे, दारात अडकवायचा एक पट्टा आणि एक पिशवी असते. असे अकरा नग. साध्या संचाची किंमत साधारण हजार रुपयांच्या आसपास जाते. ट्यूबवर १०, १५, २०, २५, ३० असे पौंडांचे आकडे असतात (१ पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम). त्या आकड्यांवर फार विसंबू नका. रबराचा ताण ट्यूब किती ताणली यावर ठरतो : सुरुवातीला हलकं, शेवटी जड. शिवाय रंगांचा सगळ्या कंपन्यांना धरून असा काही नियम नाही. एकाची लाल ट्यूब दुसऱ्याच्या निळीएवढी निघू शकते. खरा ताण बघायचा असेल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा ट्यूबच्या टोकाला लावा, ट्यूब दुप्पट लांब होईपर्यंत ओढा आणि आकडा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे कोणत्या व्यायामाला कोणती जोडी घ्यायची हा गोंधळ कायमचा मिटतो.

घेताना ट्यूबपेक्षा तिचं टोक निरखून बघा. रबर मध्यभागी फार क्वचित तुटतं. तुटतं ते टोकाशी, जिथे ते धातूच्या कडीत शिरतं तिथे. तो भाग दोन बोटांत धरून वाकवा आणि उजेडात बघा. केसाएवढी पांढरट रेघ दिसली तर तो नग परत करा. हँडल अडकवायचा हुक उघडून मिटून बघा. त्याची स्प्रिंग सैल असेल तर ऐन ताणात कडी निसटते आणि ट्यूब थेट तोंडावर येते. बाहेरून कापडी वेष्टण असलेल्या ट्यूब मिळतात. तुटल्या तरी त्या फटकारत नाहीत, पण आतली चीर मात्र झाकली जाते. घरात लहान मुलं असतील तर आमचं मत वेष्टणवाल्या ट्यूबच्याच बाजूने.

आता दाराचा पट्टा. या संचातली सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी वस्तू हीच. पट्ट्याच्या एका टोकाला फोमची जाड गुंडी असते. ती दाराच्या पलीकडे ठेवायची, पट्टा फटीतून अलीकडे घ्यायचा, दार लावायचं आणि कडी घालायची. आपण उभं राहायचं ते दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूला, म्हणजे आपण ओढलं की दार चौकटीवर घट्ट बसेल. उलट केलं तर सगळा भार त्या एका कडीवर येतो. पट्टा बिजागरीच्या बाजूला लावावा, ती बाजू कुलपाच्या बाजूपेक्षा भक्कम असते. जुन्या घरांतल्या दोन झडपांच्या दारात मधल्या फटीत पट्टा लावू नका, झडपा हलतात. बाथरूमच्या पीव्हीसी दाराला तर हातही लावू नका. खिडकीचे गज चालतात, पण गजाभोवती पट्टा गुंडाळा, ट्यूब नको. लोखंडाच्या कडेवर घासून रबराला चीर पडते.

जिम टळली तरी संचासोबतही एक सबब घरात येते, ती म्हणजे जुळवाजुळव. प्रत्येक व्यायामाला ट्यूब बदला, हुक काढा, पट्टा वर-खाली करा, यात दहा मिनिटं जातात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. त्यावर उपाय असा. पट्टा छातीच्या उंचीवर एकदाच लावा आणि एक ट्यूब तिथेच अडकवून ठेवा. दुसरी, जास्त जड ट्यूब हँडल लावून पायाखाली घ्यायला वेगळी ठेवा. मग चार व्यायाम काहीही न बदलता होतात : दाराकडे तोंड करून हँडल बरगडीपर्यंत ओढणं, दाराकडे पाठ करून पुढे ढकलणं, ट्यूब पायाखाली घेऊन उठबस, आणि तशीच ट्यूब धरून पाठ सरळ ठेवत कंबरेतून वाकून उठणं. प्रत्येकी १२ ते १५ वेळा, अशा तीन फेऱ्या. व्यायाम आणि मधला दम मिळून एका फेरीतल्या एका व्यायामाला दीड मिनिट धरलं, तर चार व्यायामांच्या तीन फेऱ्यांची १८ मिनिटं. आधी तीन-चार मिनिटं हातपाय मोकळे करा. जेवण गरम होईपर्यंत आटपतं. तिन्ही फेऱ्यांत १५ नीट व्हायला लागले की दारापासून एक पाऊल दूर सरका. तेही सोपं वाटलं की पुढचा रंग.

ट्यूब पायाखाली घेताना ती तळव्याच्या मधल्या खोलगट भागाखाली असू द्या. चवड्याखाली घेतली तर सटकते. शहाबादी फरशीच्या खरबरीत कडेवर ती घासली जाते, म्हणून खाली सोलापुरी चादर चौघडी घालून टाका. गुडघे टेकायलाही तीच उपयोगी पडते. ओढताना श्वास सोडा, परत जाताना घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून ओढणं तर पूर्ण टाळावं. आणि परत जाताना ट्यूबला आपला हात खेचू देऊ नका. मनात तीन आकडे मोजत सावकाश सोडा. निम्मं काम तिथेच होतं, आणि घाईत असणारी माणसं नेमकं तेच गाळतात.

दिवसभर कामात जे अवयव आखडतात, त्यांच्यावर भर द्यायला हा संच फार चांगला. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचे आणि बँकेत संगणकापुढे बसणाऱ्याचे खांदे सारखेच पुढे आलेले असतात. दोघांनीही ढकलण्याच्या दुप्पट ओढण्याचे व्यायाम करावेत, तेही खुर्चीत किंवा जमिनीवर बसून चालतील. यंत्रमागावर पाळीभर उभं राहणाऱ्याचे पाय आधीच भरून आलेले असतात. त्याने पाळीच्या दिवशी उठबस सोडून फक्त पाठ आणि खांदे करावेत. ‘आज अंगात त्राण नाही’ याला ठरावीक उत्तर हवं : सगळ्यात हलकी ट्यूब आणि एकच फेरी, सहा मिनिटं. बरेचदा दुसरी फेरी आपोआप होते. नाही झाली तरी कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करायची. तारखांची साखळी तुटू न देणं हे ट्यूबचा ताण वाढवण्याइतकंच महत्त्वाचं.

संचासोबतची पिशवी मात्र पहिल्याच दिवशी माळ्यावर टाका. पिशवीत गेलेल्या ट्यूब कपाटात जातात आणि कपाटातून पुन्हा निघत नाहीत. चपला काढतो त्या भिंतीवर, उन्हापासून दूर एक खिळा ठोका आणि तिथे टांगा. घरात शिरलं, चपला काढल्या, हात ट्यूबला. खुर्चीवर टेकल्यानंतर उठायला फार मनोधैर्य लागतं, म्हणून टेकायच्या आधीच सुरुवात झाली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा पहाटे पाणी भरायला उठावं लागतंच, त्यालाच जोडून व्यायाम उरका. टाकी भरेपर्यंत दोन फेऱ्या होतात.

उष्णता हा या संचाचा खरा शत्रू. दुचाकीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत किंवा गॅलरीतल्या उन्हात ठेवलेलं रबर आधी चिकट होतं आणि मग त्याला बारीक भेगा पडतात. घामाने ओली झालेली ट्यूब कोरड्या फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा टाल्कम पावडर चोळा. तेल लावू नका, तेलाने लॅटेक्स (नैसर्गिक रबर) सडतं. मूळ लांबीच्या अडीच पटीपेक्षा जास्त ताणू नका. दर आठवड्याला टोकं तपासा. रोज वापरात असेल तर वर्षभराने मुख्य ट्यूब बदलायची तयारी ठेवा. म्हणून सुटी ट्यूब मिळते का, हे दुकानात आधीच विचारून घ्या. मिळत नसेल तर तो संच घेऊ नका, एका ट्यूबपायी पुन्हा अकरा नग घ्यावे लागतील.

उणिवाही सांगायला हव्यात. पायांना काही महिन्यांनी हा ताण कमी पडतो. तेव्हा दोन ट्यूब एकत्र लावा किंवा एका पायावर उठबस करा. दम वाढवायला याचा फारसा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. ट्यूबने त्यातला दुसरा भाग होतो, चालणं वेगळंच करावं लागेल. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर टीपीईच्या (लॅटेक्स नसलेल्या, रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या) ट्यूब मागा. खांद्याची किंवा कंबरेची जुनी दुखापत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि संचातली फोमची हँडल सहसा तकलादू असतात, तळव्यात फिरतात. त्यांच्यावर जुन्या सोलापुरी टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळून दोऱ्याने शिवून टाकली की पकड बसते आणि घामही टिपला जातो.