इन्सुलिन सुरू असताना घरचा डबा की दवाखान्याचं ताट?

गेल्या पावसाळ्यात आबांना पायाच्या जखमेसाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. तिथलं मिळमिळीत जेवण त्यांना नको, म्हणून शिवाजी पेठेतनं डबा सुरू केला. एके दिवशी सिस्टरनी साडेबाराला इन्सुलिन टोचलं आणि मी डबा घेऊन दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला अडकलेला. पोचेपर्यंत दीड. आबांचा बनियन घामानं चिंब, हाताला थरथर, आणि सिस्टरवर उगीचच खेकसणं चाललेलं. शुगर ५८. सत्तरच्या खाली गेली की कमी, ५४ च्या खाली गेली की धोकाच.

डब्याची जमेची बाजू एकच, पण मोठी: माणूस जेवतो. ताट अर्धं टाकलं आणि डोस मात्र पुरा दिला, तरी शुगर घसरतेच. ताटाचं बळ वेळेत आणि मापात. ते ठरल्या वेळी येतं, किती खाल्लं ते सिस्टरना दिसतं. डब्यात आज दोन भाकरी, उद्या नुसती पेज. डोस बसवायचा कशावर?

इन्सुलिन कुठलं, तेही विचारून घ्या. साधं रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास देतात, म्हणजे डबा रस्त्यात असतानाच सुई टोचलेली. तिथं ताटच बरं. लगेच काम करणारं जेवायला बसताना देतात. भूक भरवशाची नसेल तर खाल्लं त्या मानानं जेवणानंतरही देता येतं, ते डॉक्टर ठरवतात. याच्याशी डबा जमतो.

माझं मत विचाराल तर डोस बसेपर्यंत ताटच. किडनी कमजोर असेल तर नक्कीच, कारण इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. डबाच द्यायचा असेल तर तो कॉटवर आल्याशिवाय जेवणाची सुई नको, हे सिस्टरना सकाळीच सांगा, ड्युटी बदलली की पुन्हा सांगा. पण आपल्या मनानं डोस चुकवू नका. तपासणीसाठी उपाशी ठेवणार असतील तर डोसचं काय, हे आदल्या रात्रीच विचारा.

काहीही निवडा, उशाशी साखर हवीच. शुगर उतरली तर सिस्टरना हाक मारायची, तीन चमचे साखर पाण्यातनं द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं. भेटायला आलेल्यांचे पेढे इथं कामाचे नाहीत, स्निग्धतेमुळं साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही.

आमच्याकडं शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनीच तोडगा काढला: ताट तिथलं, घरून फक्त कमी मिठाचा ठेचा. तिसऱ्या दिवसापासनं ताट पुसून रिकामं.