वापरलेली कूपे घेताना रिअर व्हील की ऑल व्हील? टीटी क्वाट्रोबरोबरचे अकरा महिने

गेल्या एप्रिलमध्ये २०१६ ची सेकंडहँड ऑडी टीटी घेतली, आता अकरा महिने आणि साडेनऊ हजार किलोमीटर झालेत, मधे मुंबईचा एक अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे आता मनापासून लिहिता येईल. घेताना दोनच गाड्या समोर होत्या. एक ही, २ लिटर टर्बो, २३० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), क्वाट्रो, म्हणजे ऑडीची चारही चाकांना ताकद देणारी ऑल व्हील सिस्टिम. दुसरी फोर्ड मस्टँग जीटी, ५ लिटरचा व्ही८, ४०१ पीएस, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. मन मस्टँगवर होतं, खरं तेच सांगतो. तो आवाज एकदा ऐकला की दोन दिवस डोक्यातून जात नाही.

टीटी घेतली ती मुख्यतः आमच्या बिल्डिंगच्या रॅम्पमुळे. बेसमेंटमधून वर येणारा रॅम्प चांगलाच चढा आहे, वरती गेटपाशी वळण, आणि जून ते सप्टेंबर त्यावरून सतत पाणी वाहत असतं. सोसायटी शेवाळ खरवडून घेते, पंधरा दिवसांत परत हिरवं.

आणि योग असा की आमच्याच विंगमधल्या मित्राने जूनमध्ये मस्टँग घेतली, म्हणजे दोन्ही गाड्या एकाच रॅम्पवर रोज बघायला मिळाल्या. जुलैतल्या एका रात्री दोघं बरोबरच निघालो, तो पुढे. अर्ध्या रॅम्पवर त्याची मागची चाकं फिरायला लागली, कॉम्प्युटर ताकद कापतोय म्हणून गाडी वर जाईना आणि शेपूट हळूहळू भिंतीकडे सरकायला लागली. त्याने गाडी खाली घेतली, निसरड्या रस्त्यासाठीचा स्नो-वेट मोड लावला, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला आणि मग ती चढली. मागून मी गेलो. पुढची चाकं क्षणभर सटकल्याचं स्टीअरिंगमध्ये जाणवलं, लगेच मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं आणि गाडी वर.

हे का होतं ते समजून घ्या, कारण सगळं क्वाट्रो एकसारखं नसतं. टीटीत इंजिन आडवं बसवलंय आणि एरवी गाडी बरीचशी पुढच्या चाकांवरच चालते. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या, पुढे तेलात बुडालेला बऱ्याच प्लेटांचा (मल्टिप्लेट) क्लच असतो, हॅल्डेक्स म्हणतात त्याला, एक इलेक्ट्रिक पंप त्यात प्रेशर बनवतो आणि प्लेटा दाबल्या गेल्या की ताकद मागे जाते. म्हणजे मागची चाकं खरंच जोर लावतायत की नाही, हे त्या पंपावर आणि तेलावर अवलंबून.

सेकंडहँड घेणाऱ्याने इथेच सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. माझ्या गाडीच्या सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलच्या नोंदी नीट होत्या, हॅल्डेक्सच्या तेलाचा उल्लेखच नव्हता. कुर्ल्याच्या ज्या गॅरेजमध्ये मी जातो तिथल्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, पंप काढला आणि त्याची जाळी माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याएवढी जाळी, पूर्ण काळी, बोटाने पुसली तर काजळासारखा चिकट थर आला. "साहेब, नुसतं तेल बदलून काय उपयोग, ही जाळी साफ केल्याशिवाय पंपाला तेल ओढताच येत नाही, असाच चालवला असता तर जळाला असता," म्हणाले. प्लेटांची झीज त्या जाळीत साचते, आणि पंप गेला की गाडी गपचूप फ्रंट व्हील ड्राइव्ह होऊन बसते, कोरड्या रस्त्यावर तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून घ्यायच्या आधी हे काम झाल्याचं बिल मागा. नसेल तर तो खर्च धरूनच भाव करा.

दुसरं म्हणजे टायर. ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडला पाण्याखालच्या खड्ड्यात पुढचा टायर साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, कापला गेला. मस्टँग असती तर पुढचे दोन बदलून मोकळा झालो असतो. इथे पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात, सिस्टिमला वाटतं काहीतरी घसरतंय, क्लच उगाच पकडत राहतो आणि तापतो. उरलेले तीन अर्ध्याहून जास्त झिजलेले, शिवाय आधीच्या मालकाने पुढे एक कंपनी मागे दुसरी लावलेली. शेवटी चारही नवे घेतले, २४५/४० आर १८, आणि खिशाला चांगलीच चाट बसली.

पण त्या टायरांनी गाडी जितकी बदलली तितकी क्वाट्रोने कधीच बदलली नव्हती. जुने टायर असताना सायनच्या पुढे ईस्टर्न एक्सप्रेसवर सत्तरच्या आसपास होतो, डावीकडे पाणी साचलेलं दिसलं नाही, स्टीअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही लागेच ना. दोन सेकंद असेल. चारही चाकं पाण्यावर तरंगत असतील तर ताकद दोघांना दिली काय नि चौघांना दिली काय. मागच्या टायरला जेमतेम अडीच मिलिमीटर खाचा उरल्या होत्या, कायद्याची मर्यादा १.६ ची आहे म्हणून मी निवांत होतो, ती चूक होती. ऑल व्हीलने गाडी सुटते चांगली, थांबते मात्र इतर कुठल्याही गाडीसारखीच, ब्रेक सगळ्यांनाच चारही चाकांना असतात. घरचे म्हणतात "फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, मग पावसात काळजी नाही," त्यांना मी आता हेच सांगतो.

कोरड्यात काय गमावलं तेही सांगतो. डिसेंबरात लोणावळ्याहून ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्याला सकाळी साडेसहाला दोघांनी गाड्या बदलून चालवल्या. मस्टँगमध्ये पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, त्यामुळे स्टीअरिंग स्वच्छ वाटतं, वळणातून बाहेर पडताना पाय दिला की वजन मागे बसतं आणि गाडी कंबरेतून ढकलते, ती मजा टीटीत नाही म्हणजे नाही. टीटी वळणात लवकर पाय दिला तर नाक बाहेर काढते, थांबून दिला तर मात्र रुळावरून गेल्यासारखी जाते.

रोजच्या वापरात टीटी सरस, आणि ते ड्राइव्हमुळे नाही, साइजमुळे. लांबी ४.१८ मीटर विरुद्ध ४.७८. आमच्या पार्किंगमध्ये मित्र दार अर्धंच उघडून बाहेर येतो. सिटीत मला लिटरला आठ किलोमीटर मिळतं, त्याला पाच. पोट दोन्हीचं घासतं, पार्ल्यातले दोन स्पीडब्रेकर मी तिरके घेतो. कोस्टल रोडला ८० ची मर्यादा, तिथे दोन्ही गाड्या सारख्याच.

तर माझं मत असं: गाडी एकच असेल, पावसातही काढायची असेल, तर ऑल व्हील घ्या आणि तेल-टायरचा खर्च आधीच बाजूला ठेवा. घरात रोजची दुसरी गाडी असेल आणि ही ऑक्टोबर ते मे रविवारीच निघणार असेल, तर रिअर व्हील घ्या, अजिबात घाबरू नका, फक्त मागच्या टायरच्या खाचा चार मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. मित्राने मेमध्ये मागचे दोन बदलायचे ठरवलेत. मी त्याच आठवड्यात परत कुर्ल्याला जाऊन जाळी उघडून बघणार आहे.