गाडीत आधी कोण: होम्स की फॉग?
परभणीहून मनमाडकडे निघताना मोबाइलवर दोघांच्याही कादंबऱ्या उतरवून घ्या. इंग्रजी आहेत, पण प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट.

डॉइलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०२) रहस्य म्हणून सरसच. मात्र मधला बराच भाग म्हणजे होम्सच्या मित्राची, वॉटसनची पत्रं आणि डायरी. चहावाला आला की धागा सुटतो, अन् मोबाइलवर मागची पानं शोधणं म्हणजे वैताग.

फॉग हा व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा नायक; तिची ३७ प्रकरणं आहेत, बहुतेक आटोपशीर. मुंबईहून निघालेल्या गाडीच्या वाटेवर वेरूळ-औरंगाबादचाही उल्लेख येतो! बऱ्हाणपूरला फॉगचा नोकर मोजड्या घेतो. पुढे रूळच संपतात, तर फॉग २,००० पौंडांना हत्ती विकत घेतो. आता बोला! होम्स घरी, रात्री; गाडीत फॉगच.